टनामागचा उपकर आणि कामीनची मजुरी : कोळशाकडून सौर विजेकडे जाताना वाचायचा इतिहास



‘जस्ट ट्रान्झिशन’ हा शब्द गेल्या काही वर्षांत परिषदांमध्ये, बँकांच्या अहवालांमध्ये आणि स्वयंसेवी संस्थांच्या प्रकल्पांमध्ये सारखा ऐकू येतो. मराठीत त्याला ‘न्याय्य संक्रमण’ म्हणतात. कोळसा-तेलाकडून कमी उत्सर्जनाच्या ऊर्जेकडे जाताना कामगार आणि गरीब माणूस चिरडला जाऊ नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत हा शब्द आला. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत ‘नेट झिरो’ गाठण्याची घोषणा केली. तेव्हापासून आपल्याकडेही या विषयावर कार्यशाळा सुरू झाल्या. प्रत्येक अहवालात महिलांवर एक परिच्छेद असतो. जातीवर बहुधा एक ओळही नसते.

आपल्या चळवळीत या विषयावर दोन प्रतिक्रिया दिसतात. काही जण म्हणतात, पर्यावरण हा पोट भरलेल्या सवर्ण मध्यमवर्गाचा छंद आहे, आपण त्यात कशाला पडायचे? दुसरे म्हणतात, कोळशाची राख आपल्याच वस्त्यांवर पडते, तेव्हा बंद करून टाका तो कोळसा. दोन्ही बोलण्यांत तथ्य आहे. पण दोन्ही बाजूंकडून मूळ प्रश्न सुटतो. बदल झाला की सर्वात आधी कोणाचे काम जाते? ज्याचे काम जाते त्याचे नाव कुठल्या कागदावर असते का? आणि भरपाईचा पैसा कोणाच्या खिशातून येतो, कोणाच्या हातात जातो?

या प्रश्नांची उत्तरे अंदाजाने द्यायची गरज नाही. भारताच्या कोळसा उद्योगात मोठे बदल यापूर्वीही झाले आहेत. प्रत्येक वेळी प्रगतीचे किंवा संरक्षणाचे नाव देण्यात आले आणि प्रत्येक वेळी दलित-आदिवासी बाईला आधी बाहेर काढण्यात आले. या इतिहासाच्या मधोमध चार वर्षे अशी आहेत, जेव्हा या खात्याची सूत्रे बाबासाहेबांच्या हातात होती. तो इतिहास आज काढून वाचला पाहिजे.

टोपली आणि टब

झरिया आणि राणीगंज या कोळसापट्ट्यांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कामाची पद्धत कुटुंबाची होती. नवरा कोळसा तोडायचा, त्याला ‘मलकट्टा’ म्हणत. बायको तो टोपलीत भरून डोक्यावर वाहून टबात टाकायची, तिला ‘कामीन’ म्हणत. ही कुटुंबे प्रामुख्याने संताळ, बाउरी अशा आदिवासी आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांतली होती. मजुरी टबामागे मिळायची. टब दोघांच्या श्रमाने भरायचा. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला कोळसा खाणींतील एकूण कामगारांमध्ये स्त्रियांचे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते.

१९२९ साली सरकारने खाणकायद्याखाली नियम काढले. जमिनीखाली स्त्रियांना काम करू द्यायचे नाही, असे ठरले. बंगाल, बिहार-ओरिसा आणि मध्य प्रांतातील कोळसा खाणींना दहा वर्षांची मुदत मिळाली. स्त्रियांचे प्रमाण आधी २९ टक्क्यांवर आणायचे आणि मग दरवर्षी ३ टक्क्यांनी कमी करायचे, असा हिशेब होता. १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने स्त्रियांच्या भूगर्भातील कामाविरुद्ध करार केला आणि मुदत संपण्याआधीच, १ ऑक्टोबर १९३७ पासून, पूर्ण बंदी लागू झाली.

बंदीमागचा हेतू वाईट होता असे कोणी म्हणणार नाही. अंधारात, कोंदट हवेत, गरोदरपणातही टोपल्या वाहणे ही माणुसकीला शोभणारी गोष्ट नव्हती. पण नियमांची रचना पाहा. किती टक्के स्त्रिया कोणत्या वर्षी बाहेर काढायच्या याचे कोष्टक होते. बाहेर काढलेल्या बाईने काय करायचे याचे कोष्टक नव्हते. पर्यायी काम नाही, भरपाई नाही, नवऱ्याचा टबाचा दर त्या प्रमाणात वाढवण्याची सक्ती नाही. घरात दोन माणसांची कमाई येत होती, तिथे एकाची येऊ लागली. खाणमालकाचे काही बिघडले नाही. संरक्षणाची किंमत जिचे संरक्षण करायचे तिनेच मोजली.

आजच्या भाषेत सांगायचे तर हे भारतातील कोळशाचे पहिले टप्प्याटप्प्याने केलेले ‘संक्रमण’ होते. मुदत होती, टक्केवारी होती, आंतरराष्ट्रीय करार होता. फक्त न्याय नव्हता.

१९४३ : बंदी उठते

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. दुसरे महायुद्ध सुरू होते. खाणमजूर विमानतळ आणि लष्करी बांधकामांवर निघून जात होते, कारण तिथे उघड्यावर काम होते आणि मजुरीही बरी होती. कोळशाचे उत्पादन घसरले. रेल्वे, कारखाने, युद्ध सगळेच कोळशावर चालत होते. तेव्हा १९४३ मध्ये सरकारने भूगर्भातील स्त्री-कामावरची बंदी तात्पुरती उठवली. सुरुवात मध्य प्रांतापासून झाली. आजचा चंद्रपूर जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता, हे आपल्या विदर्भातल्या कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. पाठोपाठ बंगाल-बिहारातही बंदी उठली.

या निर्णयावर मोठे वादळ उठले. अखिल भारतीय महिला परिषदेने विरोध केला. ८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात यावर चर्चा झाली आणि बाबासाहेबांना सरकारची बाजू मांडावी लागली. त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : हा निर्णय आणीबाणीचा आहे, कायमचा नाही, स्त्रियांना कमी उंचीच्या बोगद्यांत पाठवले जाणार नाही, आणि समान कामाला पुरुषाइतकीच मजुरी त्यांना मिळेल. स्त्री-पुरुष भेद न करता समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात असे लागू होत आहे, याकडे त्यांनी सभागृहाचे लक्ष वेधले.

हे प्रकरण आपण प्रामाणिकपणे वाचले पाहिजे. बाबासाहेबांचे विरोधक आजही हा प्रसंग काढून ‘त्यांनी बायकांना खाणीत ढकलले’ असे म्हणतात. भक्तिभावाने लिहिणारे आपलेच काही लोक हा प्रसंग गाळून टाकतात. दोघेही चूक करतात. ब्रिटिश साम्राज्याला युद्धासाठी कोळसा हवा होता आणि त्या गरजेपोटी गरीब बायांना पुन्हा जमिनीखाली जावे लागले, हे खरे आहे. ते झाकायचे कारण नाही. पण १९२९ च्या नियमांत आणि १९४३-४४ च्या धोरणात एक मोठा फरक आहे, तो ओळखता आला पाहिजे. १९२९ साली बाईकडे ‘नाजूक जीव’ म्हणून पाहिले गेले. बाबासाहेबांनी तिच्याकडे मजुरीचा हक्क असलेली कामगार म्हणून पाहिले. विरोध करणाऱ्या सुशिक्षित घरांतल्या भगिनींचा कळवळा खरा असेल. पण १९३७ साली जिचा रोजगार गेला तिच्या चुलीचे काय झाले, हा प्रश्न त्या कळवळ्यात मागे पडला होता.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब स्वतः धनबाद भागात गेले. खाणीत उतरले, कामगारांची घरे पाहिली. पुढच्या दोन-अडीच वर्षांत जे कायदे झाले त्यांच्यामागे ही पाहणी आहे.

१ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. युद्ध संपले होते. बाया पुन्हा वर आल्या, आणि पुन्हा पर्यायी कामाची हमी नव्हती. दार लावताना तिला विचारले नाही, उघडताना विचारले नाही, परत लावतानाही विचारले नाही. ही नोंद आपण बाबासाहेबांच्या काळाबाबतही करायला हवी, कारण मजूरमंत्र्याच्या इच्छेपेक्षा साम्राज्याची गरज आणि खाणमालकांचे हितसंबंध किती भारी होते हे त्यातून कळते.

टनामागे उपकर

आता त्या काळातली सर्वात महत्त्वाची गोष्ट. तिच्याबद्दल आपल्याकडे फारच कमी बोलले जाते.

३१ जानेवारी १९४४ रोजी कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. त्याची कल्पना सोपी होती. खाणीतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर काही आण्यांचा उपकर लावायचा. तो पैसा वेगळ्या निधीत जमा करायचा आणि कामगारांची घरे, पाणी, दवाखाना, शिक्षण यांवर खर्च करायचा. १९४७ साली त्याचे कायद्यात रूपांतर झाले. धनबादचे आणि आसनसोलजवळच्या कल्ला येथील मध्यवर्ती रुग्णालय ही या निधीची पुढची फळे.

या उपकरामागचा विचार पाहा. कामगाराचे कल्याण मालकाच्या दयेवर सोडलेले नाही. सरकारच्या अंदाजपत्रकात यंदा पैसा आहे की नाही, यावरही ते अवलंबून नाही. कोळसा निघाला की कामगाराचा वाटा आपोआप निघाला. कोळसा जितका जास्त जळेल तितका निधी जास्त. ज्या वस्तूवर सगळ्या देशाची चाके फिरतात, तिच्या किमतीतच ती खणणाऱ्याचा हक्क बसवलेला होता.

याच्या जोडीला इतर कायदेही आले. खाणीतल्या स्त्रियांसाठी १९४१ साली प्रसूतिलाभ कायदा झाला होता. त्यातल्या त्रुटी दूर करणारी दुरुस्ती बाबासाहेबांनी १९४३ साली मांडली आणि १९४५ साली भूगर्भात काम करणाऱ्या स्त्रियांचा विचार करून आणखी दुरुस्ती झाली. खाणीच्या तोंडाशी पाळणाघरे आणि स्नानगृहे बांधण्याची तरतूद झाली. १९४६ साली अभ्रक खाणींसाठी असाच कल्याण निधी आला आणि त्याच्या सल्लागार समितीवर मालक व कामगारांचे प्रतिनिधी समान संख्येने असावेत, शिवाय किमान एक सदस्य स्त्री असावी, असे कायद्यातच लिहिले गेले.

हा विचार १९४३ साली अचानक आलेला नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की बाळंतपणात आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे. स्त्रीला सवलत दिली म्हणून तिची नोकरी जाऊ नये, हा धागा तिथपासून चालत आला आहे.

वीजधोरणही याच खात्याकडे होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये युद्धोत्तर वीजविकासाच्या समितीपुढे बोलताना बाबासाहेबांनी मूळ प्रश्न विचारला की आपल्याला वीज कशासाठी हवी आहे. त्यांचे उत्तर दारिद्र्यातून सुटण्यासाठी असे होते. शेतीवर साचलेली माणसे उद्योगात आणायची तर वीज स्वस्त आणि मुबलक हवी, आणि ती सरकारच्या हाती असावी, ही त्यांची दिशा होती. दामोदर खोऱ्याची बहुउद्देशीय योजना याच काळात आकाराला आली. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी घटनेतच लिहून ठेवण्याची मागणी केली.

बाबासाहेबांना हवामान-संकटाची माहिती नव्हती. त्यांना ओढूनताणून हवामान-नेता बनवायची काही गरज नाही. आपण घ्यायची आहे ती त्यांची पद्धत : वीज कशासाठी, कोणाच्या मालकीची, आणि तिच्या प्रत्येक टनामागे श्रमणाऱ्याचा वाटा किती, हे आधी कायद्यात लिहा.

बटण दाबले, नोकरी गेली

स्वातंत्र्यानंतर काय झाले? दामोदर खोऱ्यातले पंचेत धरण ६ डिसेंबर १९५९ रोजी सुरू झाले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला त्या दिवशी तीन वर्षे पूर्ण होत होती. पंडित नेहरूंनी उद्घाटनाचा मान एका तरुण संताळ मजूर मुलीला दिला. तिने बटण दाबले, वृत्तपत्रांत छायाचित्रे आली. त्याच समारंभात तिच्याकडून नेहरूंना हार घातला गेला, म्हणून तिच्या समाजाने तिचे परक्याशी लग्न लागले असे ठरवून तिला वाळीत टाकले. काही वर्षांत महामंडळातली तिची नोकरीही गेली. पुढची अनेक वर्षे तिला हालअपेष्टांत काढावी लागली.

जलविद्युत ही कमी उत्सर्जनाचीच ऊर्जा. त्या प्रकल्पाच्या व्यासपीठावर आदिवासी स्त्री होती. तिचा फोटो होता, अधिकार नव्हता. आजच्या अहवालांतल्या हसऱ्या ‘सोलर दीदीं’चे फोटो पाहताना हा प्रसंग आठवावा.

१९७१ ते १९७३ या काळात कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. कायम नोकरी, वेतनमंडळ, भविष्यनिर्वाह निधी, अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण हे त्याचे मोठे फायदे. ते नाकारता येणार नाहीत. आपल्या कित्येक कुटुंबांची पहिली पक्की नोकरी नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात खाण किंवा वीजकेंद्रातलीच आहे. पण टोपली जाऊन यंत्र आले तेव्हा टोपली वाहणारी अकुशल ठरली. यंत्राचे शिक्षण पुरुषाला मिळाले. पुढे तर स्त्रियांसाठी खास स्वेच्छानिवृत्ती योजना आली : बाईने नोकरी सोडावी आणि तिच्या जागी मुलाला नोकरी मिळावी. घरातल्या पुरुषांनी बाईला सही करायला लावावी, अशी ही रचना होती. एक तृतीयांशाहून अधिक असलेले स्त्रियांचे प्रमाण कोल इंडियात आज दहा टक्क्यांच्याही खाली आहे. २०१९ साली भूगर्भातील बंदी शिथिल झाली, पण ती तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापकीय पदांसाठी. इंजिनिअर झालेल्या मुलीला खाणीचे दार उघडले याचा आनंदच आहे. कामीनच्या नातीला मात्र ते तेव्हाही बंदच राहिले.

उपकर परत आला, कामगार आला नाही

१९४४ चा कल्याण निधी १९८६ साली कायदा रद्द करून गुंडाळण्यात आला आणि त्याचे काम कोळसा कंपन्यांकडे सोपवण्यात आले. म्हणजे हक्काचा निधी पुन्हा व्यवस्थापनाच्या मर्जीवर गेला.

मग २०१० साली टनामागचा उपकर वेगळ्या नावाने परत आला. स्वच्छ ऊर्जा उपकर : टनाला ५० रुपये. २०१४ साली १००, २०१५ साली २०० आणि २०१६ साली ४०० रुपये. प्रदूषण करणाऱ्या इंधनावर कर लावून स्वच्छ ऊर्जेला मदत करायची, ही कल्पना चांगली. पण २०१७-१८ पर्यंत जमा झालेल्या सुमारे ८६ हजार कोटींपैकी सुमारे साडेएकोणतीस हजार कोटीच स्वच्छ ऊर्जा निधीत गेले आणि त्यातलेही प्रकल्पांवर सोळा हजार कोटींच्या आत खर्च झाले. २०१७ साली जीएसटी आला आणि ४०० रुपयांचा उपकर राज्यांच्या महसूल भरपाईकडे वळला. सप्टेंबर २०२५ मध्ये तो भरपाई उपकरही कोळशावरून उठला आणि करवसुली सरळ जीएसटीच्या दरात मिसळली.

या सगळ्या प्रवासात एक प्रश्न कोणीही विचारला नाही : टनामागच्या ४०० रुपयांपैकी खाणीतल्या, खाणीशेजारच्या माणसाचे किती? १९४४ साली, परकीय राजवटीत, युद्धाच्या धामधुमीत जे तत्त्व कायद्यात बसले, ते एकविसाव्या शतकाच्या हवामान-धोरणात बसले नाही. न्याय्य संक्रमणाला पैसा नाही असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा हा हिशेब समोर ठेवा. पैसा होता. त्यावर कामगाराचे नाव लिहिलेले नव्हते.

आरक्षण कुठे जाते?

कोल इंडिया, महानिर्मिती, एनटीपीसी या सार्वजनिक कंपन्या आहेत. तिथे आरक्षण आहे. नवे सौर आणि पवन प्रकल्प बहुतांश खाजगी कंपन्यांचे आहेत. तिथे आरक्षण नाही. म्हणजे कोळशाकडून सौरकडे होणारा प्रवास हा आपल्या समाजासाठी त्याच वेळी आरक्षणाकडून बिनआरक्षणाकडे होणारा प्रवास आहे. एकाही जागेवरचे आरक्षण औपचारिकपणे रद्द करावे लागत नाही. जागाच संपतात.

यावर काही मित्र म्हणतात, मग आपण कोळसा वाचवण्याची लढाई लढू. हा मार्ग आपल्याला कुठेही नेणार नाही. कोळसा उत्पादन वाढत असतानाच नोकऱ्या घटल्या आहेत. २०२४-२५ मध्ये देशाचे उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेले. या शतकाच्या सुरुवातीला कोल इंडियात पाच लाखांहून अधिक कायम कामगार होते, आज ते सव्वादोन लाखांच्या आसपास आहेत. बाकीचे काम ठेकेदाराकडे गेले. आणि ठेक्यावर झाडलोट करणारी, कोळसा निवडणारी, कँटीनमध्ये राबणारी बाई कोणत्या समाजाची असते हे चंद्रपूर-घुग्घुस-बल्लारपूरच्या कार्यकर्त्याला सांगावे लागत नाही. कोळसा राहिला तरी तिची नोकरी पक्की होत नाही. राख आणि धूळ मात्र पक्की असते. चंद्रपूर वीजकेंद्रातले जुने २१० मेगावॉटचे दोन संच बंद झालेच आहेत. पुढचेही कधीतरी होतील. तेव्हा कायम कामगाराची बदली होईल. ठेक्यावरच्या बाईला उद्यापासून येऊ नको, एवढेच सांगितले जाईल. १९३७ सालीही यापेक्षा वेगळे सांगितले गेले नव्हते.

गायरान आणि सौर पॅनेल

दुसरी बाजू जमिनीची. सौर प्रकल्पाला जमीन लागते. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सरकारी जमिनी प्रकल्पांना दिल्या जात आहेत. गावातली सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. आणि मराठवाड्यात, विदर्भात गायरान कोण कसतो? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह ज्यांनी केले, तुरुंग भरले, त्यांचीच मुले-नातवंडे. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला. तरीही असंख्य कुटुंबांच्या नावे आजवर सातबारा झालेला नाही.

खाजगी जमीन सौर प्रकल्पाला भाड्याने देणाऱ्याला या योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले आहे. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला भाडे. जो दोन पिढ्या गायरान कसतो तो कागदावर अतिक्रमणदार, त्याला नोटीस. आणि त्या घरातली बाई तर अतिक्रमणाच्या नोंदीतही नाही. निंदणी, खुरपणी तिची, दंडाची पावती नवऱ्याच्या नावाची. सौर विजेला माझा विरोध नाही. शेतीला दिवसा वीज मिळाली तर ती आपल्याही शेतकऱ्याला हवीच आहे. पण गायरानावर पॅनेल उभे करण्याआधी ते कोण कसतो याची नोंद झाली पाहिजे.

बाहेरची मदत

न्याय्य संक्रमणासाठी श्रीमंत देश विकसनशील देशांना मदत करणार, असेही सांगितले जाते. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे, कारण तिथेही कोळसा आहे आणि वर्णभेदाचा इतिहासही. २०२१ साली ग्लासगोमध्ये त्या देशाला ८.५ अब्ज डॉलरची मदत जाहीर झाली. तपशील उघड झाला तेव्हा त्यातले अनुदान अगदी थोडे निघाले, बाकी बहुतांश कर्जे आणि हमी. ऑक्टोबर २०२२ मध्ये कोमाती वीजकेंद्राचा शेवटचा संच बंद झाला. पर्यायी रोजगार उभा राहण्याआधी केंद्र बंद झाले आणि सर्वाधिक झळ ठेक्यावरच्या कामगारांना आणि केंद्राच्या जिवावर छोटे धंदे करणाऱ्या गावकऱ्यांना बसली.

मदत घ्यायला हरकत नाही. कार्बन वातावरणात भरला तो प्रामुख्याने श्रीमंत देशांनी. ते देणे लागतात. पण देणे राष्ट्राच्या नावावर जमा झाले म्हणजे ते वस्तीपर्यंत पोहोचले असे होत नाही. दिल्ली श्रीमंत देशांकडे न्याय मागते तेव्हा तिचे बरोबरच असते. तोच न्याय घुग्घुसच्या ठेका कामगार बाईने दिल्लीकडे मागितला की तेही बरोबरच असते.

आपली मागणी काय असावी

इतिहासातून निघणाऱ्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, नाव. खाण किंवा वीजसंच बंद करण्याची तारीख ठरण्याआधी तिथे काम करणाऱ्या प्रत्येक ठेका कामगाराची, विशेषतः स्त्रियांची, नावानिशी नोंद व्हावी. जिचे नाव नाही तिला भरपाई नाही, हे आपण शंभर वर्षे पाहत आलो आहोत.

दुसरी, निधी. १९४४ च्या धर्तीवर टनामागे उपकर आणि त्याचा कायद्याने बांधलेला निधी. त्याच्या मंडळावर कामगार, अनुसूचित जाती-जमाती आणि स्त्रियांचे प्रतिनिधी असावेत. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आजही आहे; त्यातून रस्ते आणि कमानी किती झाल्या, बायांच्या हाताला काम किती मिळाले, याची माहिती अधिकारात विचारणा आजपासून करता येते.

तिसरी, प्रतिनिधित्व. सरकारी जमीन, सरकारी वीजखरेदी करार आणि सरकारी सवलती घेणाऱ्या सौर कंपनीला नोकऱ्यांत आरक्षणाची अट घाला. जमीन जनतेची, ग्राहक जनता, मग नोकऱ्या फक्त ओळखीच्यांच्या का?

चौथी, जमीन. गायरान कसणाऱ्यांचे दावे आधी निकाली काढा. मालकी पती-पत्नी दोघांच्या नावे करा. जमीन प्रकल्पाला गेलीच तर भाडे त्यांना द्या.

पाचवी, समान दाम. १९४४ साली सभागृहात सांगितलेले तत्त्व सौर पॅनेल पुसणाऱ्या आणि गवत कापणाऱ्या बाईलाही लागू झाले पाहिजे.

यातली एकही मागणी दयेची नाही. प्रत्येकीला या देशाच्या कायद्यात किंवा चळवळीत आधीचा दाखला आहे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपूरला येऊन धम्मदीक्षा दिली. त्याच चंद्रपूरच्या जमिनीखालचा कोळसा ज्यांनी काढला आणि जमिनीवरची राख ज्यांनी श्वासात घेतली, त्यांना वगळून होणाऱ्या संक्रमणाला आपण न्याय्य म्हणायचे नाही. पुढच्या ‘न्याय्य संक्रमण’ परिषदेचे निमंत्रण आपल्या एखाद्या कार्यकर्त्याला आले तर त्याने जरूर जावे, आणि पहिला प्रश्न हाच विचारावा : ठेक्यावरच्या बायांची यादी कुठे आहे?

जय भीम!